दर २०० पिढ्यांनी रिपीट होणारा पॅटर्न: नवीन ऑसिलेटर की गोल फिरणारा ग्लायडर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथन आणि नमपाय (पायथनची ॲरेवर हिशोब करणारी लायब्ररी) वापरून कॉनवेचा गेम ऑफ लाइफ लिहिलाय, म्हणजे ग्रिडमधला प्रत्येक सेल जिवंत किंवा मेलेला, आणि दर पिढीला २ किंवा ३ जिवंत शेजारी असलेला जिवंत सेल टिकतो, बरोबर ३ असलेला मेलेला सेल जन्मतो, बाकी मेलेले. ग्रिड ५० बाय ५०, रँडम सेल भरून सोडून द्यायचं. एका रनमध्ये सगळी धुमश्चक्री संपल्यावर बोर्ड दर २०० पिढ्यांनी जसाच्या तसा परत येतोय. सगळीकडे २, ३, १५ असे पिरियड (किती पिढ्यांनी रिपीट होतं तो आकडा) दिसतात, २०० कुठे दिसत नाही, मग हा नवीन ऑसिलेटर, म्हणजे जागेवरच रिपीट होणारा पॅटर्न, सापडला का? आणि नसेल तर लोक मोठ्या पिरियडचे ऑसिलेटर शोधतात तरी कसे?

नवीन नाहीये रे. ५० गुणिले ४ म्हणजे २००, तिथेच सगळं आलं. तुझ्या बोर्डावर कुठेतरी एक ग्लायडर, म्हणजे तिरका सरकत जाणारा छोटा पॅटर्न, फिरतोय. नमपायचं रोल फंक्शन वापरून शेजारी मोजले की उजव्या कडेला गेलेला सेल डावीकडून आत येतो, वरचा खालून येतो, म्हणजे तुझी ग्रिड सपाट नाहीच, ती मेदूवड्याच्या आकाराची आहे, गणितात टोरस म्हणतात ते. ग्लायडर दर ४ पिढ्यांत एक घर तिरका सरकतो, ५० घरं सरकला की फिरून स्वतःच्या जागेवर, झाल्या २०० पिढ्या. बाकी बोर्डावर ब्लॉक, बीहाइव्ह असे न बदलणारे पॅटर्न आणि दोनचार ब्लिंकर (तीन सेलची ओळ, आडवी-उभी होत राहते) पडलेले असतील, ब्लिंकरचा पिरियड २ आणि २०० ला २ ने भाग जातो त्यामुळे त्यांचा आकड्यावर काही परिणाम होत नाही. कुठे एखादा पल्सार असता तर तुला ६०० दिसलं असतं, कारण पल्सारचा पिरियड ३.

खात्री करायची सोपी ट्रिक सांगतो, ग्रिड ५० बाय ४९ कर. चौकोनी टोरसवर ग्लायडरचा रस्ता म्हणजे एकच तिरकी पट्टी असते, तो जन्मभर त्याच पट्टीवर फिरतो, ती पट्टी मोकळी असली की कोणाला धडकायचा प्रश्नच नाही. पण ५० आणि ४९ मध्ये १ सोडून सामाईक अवयव नाही, त्यामुळे तिरकं चालत राहिलं की तो बोर्डावरच्या प्रत्येक घरावरून जातो, आणि बोर्डावर दुसरं काहीही पडलेलं असेल तर आज ना उद्या त्याला धडकतोच. असे किती तरी "पिरियड २०० वाले" एवढ्या एका बदलाने गायब होतात.

आणि बोर्ड रिपीट होतोय यात तसं काही विशेष नाही. ५० बाय ५० म्हणजे २५०० सेल, प्रत्येक जिवंत किंवा मेलेला, म्हणजे एकूण अवस्था २ चा २५०० वा घात. आकडा अफाट आहे पण मर्यादित आहे, आणि नियम असा की आजच्या अवस्थेवरून उद्याची एकच अवस्था निघते. त्यामुळे कधी ना कधी जुनी अवस्था परत येणारच, काहीही भर, कसंही भर. म्हणून बंद बोर्डावर "रिपीट झालं" याला ऑसिलेटर म्हणत नाहीत. ऑसिलेटर म्हणजे चारही बाजूंनी अमर्याद मोकळं मैदान असताना जो पॅटर्न त्याच जागेवर स्वतःच्या मूळ रूपात परत येतो तो. जागा बदलून परत आला तर ते स्पेसशिप, ग्लायडर त्यातलाच.

काही जण कडा जोडायच्याऐवजी बाहेरचे सगळे सेल कायम मेलेले धरतात, त्यातही वेगळी गंमत आहे, भिंतीला धडकलेला ग्लायडर ब्लॉक होऊन बसतो आणि मग वाटतं बोर्ड किती छान शांत झाला. आणि जे लोक नमपाय न वापरता दोन फॉर लूप टाकून त्याच ॲरेमध्ये बदल करतात त्यांचं तर विचारूच नका. उभा ब्लिंकर घे, एकाखाली एक तीन सेल. वरून खाली स्कॅन करताना वरच्या सेलला एकच शेजारी दिसतो म्हणून तो मरतो, हे बरोबरच आहे. पण तो मेल्याचं लगेच त्याच ॲरेत लिहिलं की मधल्या सेलचे दोनऐवजी एकच शेजारी उरतात, तो मरतो, मग खालचा एकटा पडला, तोही मेला. अख्खा ब्लिंकर एका फेरीत साफ. तुझा रोलवाला कोड नवीन ॲरे बनवतो म्हणून तुला हा त्रास नाही, पण कोणाचा कोड तपासायचा असेल तर मी पहिल्यांदा उभा ब्लिंकरच टाकून बघतो.

आता पिरियड मोजायचं. नुसता अख्खा बोर्ड परत आला का एवढं बघू नकोस, प्रत्येक सेलचा हिशोब ठेव. ज्या सेलची स्थिती बदलते त्यांना रोटर म्हणतात, जे कायम जिवंत राहून आधार देतात ते स्टेटर. मग प्रत्येक रोटर सेल स्वतः किती पिढ्यांनी रिपीट होतो ते काढायचं. हे का करायचं, तर समज एका कोपऱ्यात पल्सार आहे, दुसऱ्या कोपऱ्यात पिरियड ४ चा काहीतरी आहे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, बोर्ड दर १२ पिढ्यांनी परत येईल. पण १२ चा ऑसिलेटर सापडला असं कोणी म्हणणार नाही. शेजारच्या दोन खोल्यांत एक जण रूपक वाजवतोय आणि दुसरा झपताल, दोघांची सम दर ७० मात्रांनी एकत्र पडेल, पण ७० मात्रांचा ताल काही कोणी वाजवत नाहीये. अशा लसाविवाल्या ऑसिलेटरला ट्रिव्हियल म्हणतात, त्याला किंमत नाही. निदान एक तरी सेल असा पाहिजे की जो पूर्ण पिरियडनेच रिपीट होतो, तर तो खरा.

आता मुख्य मुद्दा, वेगवेगळ्या पिरियडचे शोधतात कसे. यात मला कायम गंमत वाटते ती ही की छोटे पिरियड सोपे, मोठे पिरियडसुद्धा सोपे, आणि अडकलं सगळं मध्ये. बाहेरच्या माणसाला वाटतं जितका मोठा पिरियड तितका अवघड, तसं अजिबात नाहीये.

छोटे म्हणजे २, ३, हे तर आपोआप मिळतात. रँडम भरून सोडलं की ब्लिंकर ढिगाने, मग टोड, बीकन (दोघेही पिरियड २ चे), आणि पल्सार. पल्सार चांगला मोठा आहे, त्याच्या तीन अवस्थांत ४८, ५६ आणि ७२ सेल असतात, तरी आपोआप तयार होतो कारण त्याच्याकडे नेणारे छोटे छोटे पॅटर्न भरपूर आहेत. १५ वाला पेंटाडेकॅथलॉन कॉनवेला १९७० मध्येच सापडला, सलग दहा सेलची आडवी ओळ काढ आणि चालव, थोड्याच पिढ्यांत तोच तयार होतो. ओळींचा हा खेळ करून बघच एकदा, पाच सेलच्या ओळीतून चार ब्लिंकर मिळतात, सहाची ओळ पूर्ण मरते, सातातून चार बीहाइव्ह, आणि दहावर अचानक हा १५ वाला. काही लॉजिक लागत नाही.

त्यापुढचे ४, ५, ६, ७ असे पिरियड माणसांनी आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर शोधले. सायमन नॉर्टनचा फिगर एट, पिरियड ८, १९७० चाच. यान कोकची गॅलेक्सी, तोही ८, १९७१. डेव्हिड बकिंगहॅमने सत्तरच्या दशकात एकट्याने इतके काढलेत की त्याची यादी वेगळी करावी लागेल. मग १९८९ मध्ये डीन हिकरसनने सर्च प्रोग्रॅम लिहिला आणि नवीन ऑसिलेटरांचा पाऊस पडला. आयडिया अशी: समज तुला १० बाय १० च्या चौकटीत पिरियड ३ चा पाहिजे. प्रत्येक पिढीतला प्रत्येक सेल अज्ञात धरायचा, म्हणजे १०० गुणिले ३, तीनशे अज्ञात. अट एवढीच की दुसरी पिढी पहिलीतून नियमाने आली पाहिजे, तिसरी दुसरीतून, आणि पहिली परत तिसरीतून. मग एक सेल जिवंत धरून बघ, त्यावरून बाकी काय ठरतं ते बघ, कुठे विरोध आला तर मागे ये. सुडोकू सोडवताना करतो तेच. हल्ली हेच काम सॅट सॉल्व्हरकडे, म्हणजे हो-नाही अटींची कोडी सोडवणाऱ्या तयार प्रोग्रॅमकडे देतात आणि ते फार हुशारीने करतात.

पण पिरियड १९ घेतला की त्याच चौकटीत १९०० अज्ञात झाले आणि १० बाय १० ची चौकट पुरेल याची काही गॅरंटी नाही. इथे हा रस्ता बंद होतो, कितीही मोठं मशीन आण.

आता दुसऱ्या टोकाकडून बघू. मोठ्या पिरियडसाठी शोधायचं नसतं, बांधायचं असतं. एखादी हलणारी गोष्ट घ्यायची आणि तिला गोल फिरवत ठेवायचं, फेरी जितकी लांब तितका पिरियड मोठा. तुझ्या टोरसवर नेमकं हेच चुकून झालंय, फक्त मोकळ्या मैदानावर कडा नसतात म्हणून ग्लायडरला वळवायला काहीतरी ठेवावं लागतं. त्याला रिफ्लेक्टर म्हणतात, आणि तो ग्लायडर वळवून झाल्यावर स्वतः पूर्ववत झाला पाहिजे, नाहीतर पुढचा ग्लायडर आला की सगळं उद्ध्वस्त. रिफ्लेक्टर स्वतः ऑसिलेटर असून चालणार नाही, कारण मग त्याचाच पिरियड सगळ्यावर लादला जातो. तो शांत पडून राहणारा, म्हणजे स्टेबल पाहिजे. पहिला असा स्टेबल रिफ्लेक्टर पॉल कॅलाहॅनने १९९६ मध्ये केला, पण एक ग्लायडर वळवल्यावर पुन्हा तयार व्हायला त्याला ४८४० पिढ्या लागायच्या. त्याच वर्षी बकिंगहॅमने वेगळी वाट काढली, ग्लायडरऐवजी हर्शेल नावाचा सात सेलचा पॅटर्न, आणि त्याला ठरलेल्या वाटेने ढकलत नेणारे स्टेबल तुकडे, एकापुढे एक जोडायचे, आगगाडीचे रूळच म्हण. अशा बंद ट्रॅकवरून ६१ आणि त्यापुढचा प्रत्येक पिरियड मिळतो हे त्याने दाखवलं. म्हणजे १९९६ ला ६१ च्या पुढचा सगळा अनंत भाग संपला, उरले ते खालचे मोजके!

मग एप्रिल २०१३ मध्ये माइक प्लेलने स्वतः लिहिलेल्या सर्च प्रोग्रॅमने एक स्टेबल रिफ्लेक्टर काढला, त्याचं नाव स्नार्क. छोटासा आहे, ग्लायडर ९० अंशात वळवतो, आणि ४३ पिढ्यांत पुढच्या ग्लायडरसाठी तयार. कुठे ४८४०, कुठे ४३. चार कोपऱ्यांत चार स्नार्क ठेव, एक ग्लायडर सोड, झाला लूप. दोन स्नार्क एक घर बाहेर सरकवले की समोरासमोरच्या दोन बाजू वाढतात, प्रत्येकी ४ पिढ्या, म्हणजे फेरी ८ पिढ्यांनी लांबते. आणि खरी मजा म्हणजे एकाच लूपमध्ये सारख्या अंतरावर अनेक ग्लायडर सोडता येतात, मग पिरियड म्हणजे फेरीचा वेळ भागिले ग्लायडरांची संख्या. दोन ग्लायडरांत ४३ पिढ्यांचं अंतर असलं की स्नार्कला चालतं. त्यामुळे ४३ पासून पुढे सगळं एका साध्या रचनेत बसलं. २००९ च्या आसपास ज्याला ४३ किंवा ५३ चा ऑसिलेटर पाहिजे होता तो हात चोळत बसला होता, २०१३ नंतर ते होमवर्क झालं.

आता बघ परिस्थिती काय झाली. खालून सर्च प्रोग्रॅम वर चढतोय आणि दमतोय, वरून स्नार्क ४३ पर्यंत येऊन थांबलाय, त्याच्याखाली जाऊ शकत नाही कारण दोन ग्लायडर इतक्या जवळून आले की तो तुटतो. मधले जे अडले त्यांच्यासाठी तिसरी पद्धत लागते, आणि ती माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी पद्धत आहे.

क्वीन बी शटलवरून समजेल. क्वीन बी नावाचा एक छोटा पॅटर्न आहे, तो थोडा पुढे जातो, उलटा वळतो आणि १५ पिढ्यांनी स्वतःच्या आरशातल्या रूपात येतो, पण मागे एक बीहाइव्ह टाकून जातो. परत येताना त्या बीहाइव्हलाच धडकतो आणि सगळा सत्यानाश. बिल गॉस्परने १९७० मध्ये काय केलं, दोन्ही टोकांना एकेक ब्लॉक ठेवला. तो ब्लॉक बीहाइव्ह खाऊन टाकतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. आता क्वीन बी मोकळी, जा १५, ये १५, पिरियड ३०. याच दोन शटल शेजारी बरोबर वेळ साधून ठेवल्या की त्यांच्यातून दर ३० पिढ्यांनी एक ग्लायडर बाहेर पडतो, तीच ती प्रसिद्ध ग्लायडर गन, एमआयटीच्या टीमने नोव्हेंबर १९७० मध्ये पाठवली आणि कॉनवेने लावलेलं ५० डॉलरचं बक्षीस नेलं.

तर पद्धत ही: एखादा सळसळता पॅटर्न घ्यायचा जो स्वतःच्या जोरावर काही पिढ्यांत जवळपास मूळ रूपात येतो, पण कचरा टाकतो किंवा भरकटतो, आणि त्याच्या आजूबाजूला असे स्टेबल तुकडे ठेवायचे जे त्याला नेमक्या वेळी अडवतील, कचरा खातील, आणि स्वतः पूर्ववत होतील. या तुकड्यांना कॅटॅलिस्ट म्हणतात. कोणता तुकडा कुठे ठेवायचा हेच शोधायचं असतं, प्रत्येक पिढीतला प्रत्येक सेल नाही, त्यामुळे अज्ञातांची संख्या आवाक्यात येते.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी मला बऱ्याच उशिरा नीट कळली. सम पिरियड इथे स्वस्तात मिळतात, कारण अर्ध्या पिरियडमध्ये आरशातलं रूप आलं की पुरे, उरलेला अर्धा भाग सिमेट्रीने फुकट. संयुक्त विषम आकड्यांनाही कधी कधी आधार मिळतो, उदाहरणार्थ एक तृतीयांश पिरियडचा एखादा तुकडा आत वापरता येतो. मूळ विषम संख्येला यातलं काहीच नाही, पूर्ण फेरी पूर्णच काढावी लागते. म्हणून शेवटी कोण उरले बघ: १९, २३, ३८, ४१. यात ३८ तेवढा सम, पण तोही १९ ची दुप्पट, म्हणजे आरशाची सवलत घेतली तरी १९ पिढ्यांची अवघड चाल शोधायचीच.

२३ चा प्रश्न २०१९ मध्ये ल्यूका ओकानिशीने सोडवला, त्या ऑसिलेटरचं नाव डेव्हिड हिल्बर्ट, कारण गणितज्ञ हिल्बर्टने मांडलेले प्रसिद्ध प्रश्न २३. १९ चा मिचेल रायलीने २०२३ मध्ये स्वतःच्या बॅरिस्टर नावाच्या प्रोग्रॅमने काढला, नाव क्रिबेज, कारण पत्त्यांच्या त्या खेळात एका हातात १९ गुण होऊच शकत नाहीत. (ही मंडळी नावं ठेवण्यात भारी आहेत, त्यासाठी वेगळं बक्षीस पाहिजे.) आणि जुलै २०२३ मध्ये निको ब्राउनला ४१ चा सापडला, त्याला नुसतं २०४पी४१ म्हणतात, म्हणजे सगळ्यात कमी असताना २०४ सेल, पिरियड ४१. तो शेवटचा होता. कॉनवेच्या खेळात आता प्रत्येक पिरियडचा खरा, नॉन-ट्रिव्हियल ऑसिलेटर आहे, याला ओम्नीपिरियॉडिक म्हणतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सात जणांनी मिळून त्यावर पेपर टाकला. १९७० ते २०२३, ५३ वर्षं, आणि त्यातला बराचसा वेळ ४३ च्या खालच्या मूठभर आकड्यांवर गेला.

म्हणजे तुला नवीन पिरियड आता सापडूच शकत नाही, जागाच शिल्लक नाही. पण एखाद्या पिरियडचा आतापर्यंतच्यापेक्षा लहान ऑसिलेटर सापडू शकतो, हे काम चालूच आहे. किंवा सरळ नियम बदल. कॉनवेच्या नियमात मेलेला सेल ३ शेजाऱ्यांवर जन्मतो, तो ३ किंवा ६ वर जन्मू दे, बाकी सगळं तसंच, हा झाला हायलाइफ. तुझ्या कोडमध्ये एक अट वाढेल. अशा नियमांवर कॉनवेच्या तुलनेत फारच कमी लोकांनी वेळ घातलाय.

रँडम भरून शोधायचंच असेल तर घरच्या पायथनवर नको, दमशील. ॲडम गाउचरचा एपीजीसर्च नावाचा प्रोग्रॅम आहे, तो १६ बाय १६ चे रँडम तुकडे मोकळ्या मैदानावर चालवतो, शेवटी काय उरलं ते ओळखतो आणि कॅटागोल नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत टाकतो. तिथे प्रत्येक गोष्टीला कोड असतो, एक्सपी१५ ने सुरू झालं तर ऑसिलेटर, पिरियड १५, एक्सक्यू४ ने सुरू झालं तर चालणारं, पिरियड ४, जसा ग्लायडर. तुला काही सापडलं की आधी तिथे शोध, मग उड्या मार. हाताने पॅटर्न ठेवून बघायला गॉली नावाचा प्रोग्रॅम घे, फुकट आहे, त्यात ऑस्कर नावाची स्क्रिप्ट येते, पॅटर्न निवडून ती चालवली की ऑसिलेटर आहे की स्पेसशिप आणि पिरियड किती ते सांगते. तुझा २०० वाला बोर्ड गॉलीत टाकून चालवलास तर ग्लायडर कोपऱ्यातून निघून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आणि कोड सुधारायचाच असेल तर ॲरे सोडून दे. जिवंत सेलचे फक्त को-ऑर्डिनेट एका सेटमध्ये ठेव, प्रत्येक जिवंत सेलच्या आठ शेजाऱ्यांना काउंटरमध्ये एकेक मत दे, ज्याला ३ मतं तो पुढच्या पिढीत जिवंत, ज्याला २ मतं आणि आधीच जिवंत तोही. दहाबारा ओळींचा कोड होतो, कडाच नाहीत, मैदान अमर्याद. पिरियडसाठी आजचा सेट जुन्या सेटांशी दोनदा ताडून बघ, एकदा जसाच्या तसा, एकदा डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजून. पहिल्यात जुळला तर ऑसिलेटर, फक्त दुसऱ्यात जुळला तर स्पेसशिप. हे अर्थात एकेका तुकड्यासाठी, अख्ख्या बोर्डावर एक ग्लायडर लांब पळत असेल तर काहीच जुळणार नाही, त्यामुळे एकमेकांपासून लांब असलेले तुकडे आधी वेगळे काढावे लागतात. कोड बरोबर आहे का ते बघायला आर-पेंटोमिनो टाक, पाच सेलचा पॅटर्न. ११०३ व्या पिढीला तो स्थिरावतो, जिवंत सेल बरोबर ११६, त्यात सहा ग्लायडर बाहेर पळालेले. तोच पॅटर्न तुझ्या ५० बाय ५० वर चालवलास तर हा आकडा येणार नाही, कारण पळालेले ग्लायडर मागच्या दाराने परत आत घुसतात.